सात नंबरची थुंकी

३ जून

मामा,
नमस्कार. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्हाला कमी ऐकू येतं आणि मग तुम्ही इतक्या मोठ्याने बोलता की आपलं खासगी बोलणं शेजारच्या शिंपीकाकांना मशीन चालू असतानाही ऐकू जातं. शिवाय हे काम असं आहे की फोनवर सांगितलं तर तुम्ही थट्टा समजून ठेवून द्याल.

मला आपल्या घरातल्या चोवीस माणसांची थुंकी हवी आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाचा. आजोबा गेले, थोरले मामा गेले, दोन वर्षांपूर्वी मावशी गेली. तिघंही अन्ननलिकेच्या कॅन्सरने. घरात आपण त्याला 'घशाचं दुखणं' म्हणतो आणि कुणी जास्त विचारलं तर 'नशीब' म्हणतो. मावशीचे जुने रिपोर्ट मी आमच्या बाईंना दाखवले. बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना आजवर कुणी हसताना पाहिलेलं नाही. मावशीच्या रक्तात एक आनुवंशिक बदल होता आणि त्यापुढे छापलं होतं, 'अर्थ अज्ञात'. का अज्ञात? तर हे सगळे अर्थ ठरवले जातात ते जगातल्या ठरावीक चार-सहा देशांतल्या माणसांवरून. आपल्यासारख्यांना कुणी कधी तपासलेलंच नाही. बाई म्हणाल्या, मग तपासा.

सोबत खोक्यात चोवीस नळ्या आहेत. लाळ द्यायच्या आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. रेषेपर्यंत भरायची, फेस धरायचा नाही, झाकण घट्ट लावायचं, नंबर टाकायचा. प्रत्येकाचा एक फॉर्म आहे: गिळायला त्रास होतो का, जेवायला वेळ लागतो का, वजन उतरलं का. कुणावर जबरदस्ती नको, सही स्वखुशीने हवी. आणि कोण कुणाचं कोण, असा घराण्याचा एक तक्ता हवा.

चौतीस वर्षं तुम्ही जमिनी मोजल्यात. हद्दीचा दगड बोटभरही कुणाला सरकवू दिला नाहीत, असं आई अजून सांगते. हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही. (हो, मस्का लावतेय.)

तुमची भाची


२२ जून

चि. डॉक्टरीणबाईस अनेक आशीर्वाद.

तू औषध देणारी डॉक्टर नव्हेस, पुस्तकं वाचून झालेली डॉक्टर आहेस, हे मी प्रत्येकाला तीन-तीनदा सांगितलं. तरी वकिलाने गुडघा दाखवलाच.

मोहीम फत्ते. तेवीस नळ्या भरल्या, चोवीस नंबर तू स्वतःसाठी राखून ठेवलेला दिसतो, ती नळी रिकामी परत पाठवतो. आता हकीकत ऐक.

पहिली नळी आत्याची. वय वर्षं चौऱ्याऐंशी, पण एका मिनिटात रेषेच्या वर. दुसरी नळी मागायला लागली. म्हणाली, "साठ वर्षं सासरच्यांकडे बघून थुंकावंसं वाटत होतं, आज कुठे परवानगी मिळाली." तिला आवरताना नाकी नऊ आले.

वकील म्हणजे माझा चुलतभाऊ, त्याने फॉर्म दोन दिवस घरी नेला आणि सात दुरुस्त्या सुचवल्या. थुंकीची मालकी त्याच्याकडेच राहावी असं कलम हवं होतं. ते समजावून सांगता सांगता त्याचं तोंड इतकं कोरडं पडलं की अर्धा तास पाण्याविना बसवून ठेवावा लागला. एक चुलतबहीण जावयासमोर थुंकणार नाही म्हणून दाराआड गेली, तिथे तिचा जावईच लपला होता, कारण त्याला वाटलं त्याचीही घेतात.

खरी कसरत झाली ती काकाच्या दोन मुलांची. एका भिंतीवरून अकरा वर्षं दोघांत बोलणं नाही, हे तुला ठाऊक आहे. धाकटा म्हणाला, "त्याची नि माझी थुंकी एका खोक्यात जाणार नाही." शेवटी दोघांच्या नळ्यांमध्ये आत्याची नळी ठेवली, तेव्हा कुठे दोघांनी सह्या केल्या.

तक्ता सोबत आहे. एक पिढी म्हणजे दोन इंच. घशाच्या दुखण्याने गेलेल्यांवर काळी खूण केली आहे. खुणा सात झाल्या. तीन आपल्याला माहीत होत्या, चार आत्याने सांगितल्या. तू म्हणतेस आपल्यासारख्यांना कुणी तपासलंच नाही. आमच्या खात्यात मोजणी न झालेली जमीन नकाशात कोरी सोडत. कोरी सोडली म्हणजे तिथे काही नाही असं नव्हे, एवढंच की तिथे कुणी गेलं नाही.

सात नंबर माझा. नळी रेषेपर्यंत, फॉर्मवर सगळीकडे 'नाही'. तब्येत ठणठणीत. हल्ली मी एकेक घास बत्तीस वेळा चावतो, वर्तमानपत्रात आलं होतं. जेवायला तास लागतो म्हणून तुझी मामी करवादते, पण वजन कसं झकास उतरलंय! शिंप्याला पँट आत घ्यावी लागली.

मामा


२४ ऑगस्ट

मामा,
उत्तराला उशीर झाला, रागावू नका. तुमचा तक्ता बाईंनी भिंतीवर लावला आहे. त्याच्यासमोर उभ्या राहून त्या किंचित हसल्या. साक्षीदार आहेत.

बत्तीस वेळा चावता हे वाचून बरं वाटलं. इथे आम्ही उभ्या उभ्या दोन मिनिटांत गिळतो. वजन उतरवलंत तेही छानच, आईला तुमचा कित्ता गिरवायला सांगते.

आता जरा बसून वाचा, आणि मामींना मोठ्याने वाचून दाखवू नका.

सात नंबरच्या नळीत काहीतरी निघालं आहे. पत्रात लिहिण्यासारखं नाही. यंत्र चुकलं असेल म्हणून तीनदा चालवलं, तिन्ही वेळा तेच. घाबरू नका. आईला तर मुळीच कळू देऊ नका, ती सहन करू शकणार नाही. मी रजा काढून येते, मग समोरासमोर बोलू.

तोवर एकच विचारते, अगदी सहज. तुमच्या जन्माच्या वेळी आजी कुठे होती? सासरी, माहेरी, की दवाखान्यात? आजूबाजूला कोण कोण होतं? आणि आजोबा तेव्हा घरीच होते ना?

यंत्र काही म्हणो, माझ्यासाठी तुम्ही मामाच आहात आणि मामाच राहाल.

तुमचीच भाची


६ सप्टेंबर

चि. भाचीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामीने विचारलं काय लिहिलंय, मी म्हटलं, हवापाण्याचं.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी जन्मलो तेव्हा आई माहेरी होती. बाबा लांब नोकरीला, मी तीन महिन्यांचा झाल्यावर त्यांनी मला पाहिलं. माझ्या जन्माआधी वर्षभर त्यांना रजाच नव्हती. तुला तिथलं पाणी तपासायचं असेल, तर ती विहीर आता बुजवली आहे.

आता दुसरं. हे लिहायला चार कागद फाडले.

सात नंबरची थुंकी माझी नाही. शिंप्याची आहे.

मार्चपासून माझा घास छातीत अडतो. आधी कोरडा अडायचा, मग मऊही अडायला लागला. बत्तीस वेळा चावायचं वर्तमानपत्रात आलं नव्हतं, ते मीच काढलं. नळी हातात घेतली आणि वाटलं, यात थुंकलो की यंत्र सांगणार. आणि यंत्राने सांगितलं की ते खरं होणार. बाबांचं, दादाचं, धाकटीचं, तिघांचंही मी उशाशी बसून पाहिलं आहे. शेवटी पाण्याचा थेंबसुद्धा परत यायचा. मी सरळ शेजारी गेलो, म्हटलं, "जरा यात थुंक." त्याने कशाला म्हणूनही विचारलं नाही. जन्मभर दुसऱ्यांनी सरकवलेले दगड जागेवर आणले, आणि माझी वेळ आली तेव्हा अख्खं शेतच शेजाऱ्याच्या नावावर केलं.

मग तुझं पत्र वाचलं. म्हणजे शिंप्याला झालं! तो बिचारा पलीकडे शीळ घालत काजं करतोय, आणि त्याचा निकाल माझ्या खिशात. तसाच गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

त्याने मशीन थांबवलं. "मला? अरे, आत्ता दोघांचं जेवलो."

म्हटलं, "यंत्राने तीनदा सांगितलंय. उद्या दुर्बिणीची तपासणी करायची. मी येतो बरोबर."

"येतो," म्हणाला. "पण ती नळी आधी तुझ्या घशात गेली पाहिजे. तुझी झाली की माझी."

"मला काय धाड भरलीय?"

तो शांतपणे म्हणाला, "मार्चपासून तुझी पँट तीनदा आत घेतली. तुझी कंबर तुझ्या बायकोपेक्षा मला जास्त ठाऊक आहे. मी वाट बघत होतो तू कधी बोलतोस त्याची."

मग काय, दोघंही गेलो. तिथे पाठीवर नाड्या असलेले झगे घालून बाकावर बसवलं. मला घाम फुटलेला, आणि हा झग्याची शिवण उलटसुलट करून बघतोय. नर्सबाईंना म्हणाला, "कुणी शिवलाय हो? काखेत केवढा ओढतोय." त्यांनी त्याला गप्प बसायला सांगितलं. मग घशात कडू फवारा मारला आणि मला आत नेलं.

शिंप्याची अन्ननलिका स्वच्छ आहे. डॉक्टर म्हणाले, या वयात इतकी सुरेख क्वचित पाहायला मिळते. तेव्हापासून तो गिऱ्हाइकांना मापाआधी तेच सांगतो.

माझ्यात दुर्बीण एका जागी थांबली. अठ्ठावीस सेंटिमीटरवर. यंत्र कुठे थांबलं आणि का थांबलं, हे मला कुणी सांगावं लागत नाही. तुकडा काढून तपासायला पाठवला आहे.

मामीला काल सांगितलं. ती म्हणाली, "ताटात काय उरतं ते मी रोज बघते. मला खुळी समजलात का?" आणि मग ती रडली, आणि मीही.

एकच गोष्ट डोक्यात शिरत नाही. शिंपी इतका धडधाकट, तर तुझ्या यंत्राला तीन-तीनदा दिसलं तरी काय?

मामा


१० सप्टेंबर

मामा,
यंत्राला दिसलं की सात नंबर आपल्या घरातला नाहीच. सहा नंबर आई, सात नंबर तुम्ही, सख्खी भावंडं, आणि दोघांत रक्ताचं काडीचं नातं नाही! मी काय समजले असेन ते आता ओळखा. दोन आठवडे मी आजीच्या फोटोकडे बघू शकले नाही. बाईंनी विचारलं, "तक्ता चुकला असेल का?" तर मी ठणकावून म्हटलं, "माझे मामा चुकत नाहीत." म्हणजे तुमच्यावर शंका घेण्याऐवजी मी आजीवर घेतली. तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग जिन्यात बसून ढसाढसा रडले. जाणारे-येणारे विचारत होते काय झालं, काय सांगणार कप्पाळ!

आणि मामा, ऐका. तुमच्या थुंकीतून आजार कळलाच नसता. लाळेतून आम्ही फक्त वारसा वाचतो: कोण कुणाचं, आणि घराण्यातला तो बदल कुणात उतरलाय. तुमचा घास कुठे अडतो हे त्या यंत्राच्या बापालाही कळलं नसतं. तुम्ही खरी लाळ दिली असती तर मी 'छान' लिहिलं असतं आणि तुम्ही चावत बसला असता. लबाडी केलीत म्हणून सापडलात.

पण तुमच्यापेक्षा मोठी चूक माझी आहे. जेवायला तास लागतो, वजन उतरलं, हे फॉर्मवरचे प्रश्न मीच छापले. त्यांची उत्तरं तुम्ही पत्रात आपल्या हाताने लिहून दिलीत आणि मी शाबासकी दिली. दिवसभर अन्ननलिकेवर डोळे फोडते आणि स्वतःच्या मामाची दिसली नाही. अडीच महिने वाया गेले. हे मला कायम टोचत राहील. मला माफ करा.

चोवीस नंबरचंही सांगून टाकते. ती नळी माझ्या खणात रिकामीच होती. बाईंना रोज सांगायचे, उद्या देते. तुम्हाला काय हसणार! आज सकाळी दिली.

बदल आता नीट दिसतो आहे. शिंपीकाकांची नळी वगळून बावीसपैकी नऊ जणांत आहे. ज्यांच्यात आहे त्यांना आजार होईलच असं नाही, पण त्यांनी त्रास नसतानाही दरवर्षी तपासून घ्यायला हवं. कुणात आहे ते पत्रात लिहायची मुभा नाही, ज्याला त्यालाच बोलावून सांगायचं. पण मामा, बोलावलं तर येईल का कुणी? तपासणी म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना त्याच दिवशी लग्न असतं.

मी शनिवारी येतेय. येताना रिकामी नळी आणते.

भाची


४ ऑक्टोबर

चि. भाचीस,
तू चार दिवस राहून गेलीस, घर अजून सुनं वाटतं. समोर होतीस म्हणून बोललो नाही, आता लिहितो: माझ्या आईविषयी असा विचार! ती असती तर तुझा कान धरून तुला अंगणभर फिरवली असती. बाबा त्या वर्षात मध्ये एकदा चार दिवस येऊन गेले होते, हे मी लिहायला विसरलो. माझ्या निष्काळजीपणाने त्या माउलीवर बालंट आलं. तक्त्यामागे ही दुरुस्ती नोंदवून ठेव.

रिपोर्ट तू वाचलाच आहेस. डॉक्टर म्हणतात, लवकर नाही आणि फार उशीरही नाही. आधी औषधं आणि किरणं, मग थोडी विश्रांती, मग ऑपरेशन. औषधांनी तोंडाची चव गेली आहे. शिंप्याने पँट चौथ्यांदा आत घेतली, आणि पाठीत भरपूर कापड दाबून ठेवलं आहे, परत सोडायला.

तू विचारलं होतंस, कुणी येईल का. रविवारी सगळ्यांना घरी बोलावलं आणि उभं राहून सांगितलं, "मी थुंकी बदलली. भ्यायलो म्हणून बदलली. जन्मात पहिल्यांदा खोटी मोजणी दिली, आणि या भीतीपायी मार्चपासूनचे माझे सहा महिने गेले."  वकिलाने एकही दुरुस्ती सुचवली नाही. मग आत्या म्हणाली, "भित्रा होतासच तू लहानपणापासून. बाकीच्यांनी उद्या जायचं." चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईपुढे कुणाची लग्नं आणि कुणाच्या तारखा!

परवा अकरा जण गेले. काकाची दोन्ही मुलं झगे घालून एकाच बाकाच्या दोन टोकांना बसली होती. थोरला बाहेर आला तेव्हा धाकट्याने विचारलं, "फवारा लई कडू आहे का रे?" अकरा वर्षांनी हे पहिलं वाक्य. थोरला म्हणाला, "आहे. पण लगेच जातो."

धाकट्याच्या अन्ननलिकेत एक बारीकसा डाग निघाला. त्याला गिळायचा काही म्हणता काही त्रास नव्हता. पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतूनच खरवडून काढणार आहेत, चिरफाड नाही. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांनी आला असता तर वेगळी गोष्ट होती. थोरला त्याच्याबरोबर जाणार आहे.

माझी खरी थुंकी सोबत पाठवतो. तोंडाला कोरड असते, म्हणून भरायला पाऊण तास लागला. आत्या, वकील आणि शिंपी यांच्यासमक्ष थुंकलो, तिघांच्या सह्या घेतल्या आहेत.

मामीला सांगत नाही, तुला सांगतो. मला फार भीती वाटते.

मामा


१६ जानेवारी

पोरी,
यांचा आवाज बसलाय आणि डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे, म्हणून यांच्या कागदावर मी लिहितेय. छत्तीस वर्षांत या घरात मला पहिल्यांदा सलग बोलायला मिळतंय.

तू प्रयोगशाळेत परत गेलीस त्यानंतरचं सांगते. ऑपरेशनची जखम भरत आली आहे. दहा दिवस पोटातल्या नळीने खाणं चालू होतं, तोंडाने काही नाही. यांना पाटी दिली आहे. शुद्धीवर आल्या आल्या त्यावर पहिलं काय लिहावं? 'किती सेंटिमीटर काढलं?' डॉक्टरांनी सांगितलं, तर लिहिलं, 'लेखी द्या.' डॉक्टर हसले, मी मात्र डोक्याला हात लावला. शिंपीभावजी रोज येतात, बोलत काहीच नाहीत, पायाशी बसून बटणं लावतात. काल तिथल्या दोन नर्सबाईंच्या बाह्याही नीट करून दिल्या.

चुलतदीर दोघं येऊन गेले. धाकटे बरे आहेत, डाग पुरता निघाला. भिंतीबद्दल अजून भांडतात, पण आता तोंडाने.

आज सकाळी डॉक्टर म्हणाले, पाणी देऊन बघू. चमचाभर. नर्सबाई देत होत्या, मी म्हटलं, मी देते.  सासरे, मोठे भावजी, वन्सं, तिघांनाही शेवटी मीच चमच्याने पाणी पाजलं आहे गं, आणि तिघांचंही ते परत आलेलं मी पदराने पुसलं आहे. यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मी पाणी घातलं. हे कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. मी यांच्या गळ्याकडे बघत होते, पदर हातात धरून. मग गळा हलला. मी वाट बघितली. डॉक्टरांनीही बघितली. काहीच परत आलं नाही.

यांनी डोळे उघडले आणि पाटी मागितली. मला वाटलं, आता सेंटिमीटर विचारणार.

लिहिलं, 'अजून एक.'

तुझी मामी